निवळ पाणी आणि निर्धोक पाणी



चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेस लोटणारा समाज पाणी निवळ दिसले की निःशंकपणे पितो. गढूळ पाणी निवळीच्या बियांनी स्वच्छ करण्याची रीत सुश्रुतसंहितेतही आढळते. शेवग्याच्या बियांतील प्रथिनेही मातीचे कण गोळा करून तळाशी बसवितात. परंतु शिसे, आर्सेनिक, क्रोमियम पाण्यात विरघळलेले असले, तर ते दिसत नाहीत आणि उकळूनही जात नाहीत. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते.

यावर शास्त्रज्ञांनी वनस्पतींचाच आधार घेतला आहे. चहा, निलगिरी यांच्या पानांच्या अर्कातील द्रव्ये लोहाच्या क्षारांपासून अतिसूक्ष्म कण घडवितात. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण शंभराहूनही कमी नॅनोमीटरांचे असू शकतात. त्यामुळे चिमूटभर भुकटीचाही एकूण पृष्ठभाग अफाट होतो. त्याला आर्सेनिक चिकटते, आणि क्रोमियमचे अतिविषारी रूप पालटून सौम्य होते.

प्रयोगशाळेत साधले ते विहिरीवर साधेलच असे नाही. शिवाय धातू शोषलेला गाळ ओहोळात टाकला, तर विष केवळ जागा बदलते. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला; तेथे ही हयगय परवडणारी नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. इतके सूक्ष्म प्रमाण सुसज्ज प्रयोगशाळेतच अचूक मोजता येते. यास्तव ग्रामपंचायतीने गाळणयंत्राचा ठराव करण्यापूर्वी पाण्याचा नमुना तपासणीस धाडावा, आणि वापरलेला गाळ परत नेण्याची हमी विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.