प्रतीवरून प्रत

सांवेर रोडवरील श्री अरविंदो वैद्यकीय संस्थेत ओमिक्रॉनच्या बीए.२ या उपप्रकाराचे रुग्ण आढळल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. विषाणूचा असा उपप्रकार ठरतो तो त्याच्या जनुकसंचाच्या वाचनावरून. हे वाचन कोठे फसते, ते आज पाहू.

कोरोना विषाणूचा जनुकसंच सुमारे २९,९०० अक्षरांचा. नमुन्यात त्याचे रेणू थोडे, म्हणून आरएनएपासून डीएनए बनवून पीसीआरने त्याच्या असंख्य प्रती काढतात. बहुप्रचलित ‘आर्टिक’ पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत चारशेएक अक्षरांचे, कडांशी एकमेकांवर चढलेले ९८ तुकडे वाढवीत, आणि ते वाचून, जुळवून सबंध पाठ सिद्ध करीत.

आपल्याकडे नकलांची ही कथा जुनीच आहे. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करावा लागला, तो लेखनिकांच्या हातून शिरलेल्या अशुद्धांमुळेच. येथे लेखनिक आहे पॉलिमरेज हे विकर. मूळ रेणू मोजकेच असतील आणि आरंभीच्या फेरीत एक अक्षर चुकले, तर ती चूक हजारो प्रतींत उतरते. मग तीच जागा हजारदा वाचली तरी काय उपयोग? एका सदोष पोथीवरून उतरलेल्या शंभर पोथ्या शंभर साक्षीदार ठरत नाहीत. अर्धवट राहिलेली साखळी पुढच्या फेरीत भलत्याच रेणूवर बसली, तर कधी अस्तित्वातच नसलेला संमिश्र पाठ तयार होतो.

माझ्या मते याहून फसवी गोष्ट म्हणजे प्रतच न निघणे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत भारतभर पसरलेल्या डेल्टाच्या काटेरी प्रथिनात १४२व्या स्थानी ग्लायसिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल होते. तथापि कित्येक पाठांत तेथे ग्लायसिनच दिसे. जणू विषाणू माघारी फिरला होता! सँडरसन व बॅरेट यांनी त्याच वर्षी उलगडा केला. डेल्टात जवळच दोन अमिनो आम्ले गळालेली होती. त्यामुळे ७२व्या तुकड्याचा प्रायमर नीट बसेना, तुकडा वाढेना, आणि जुळणीत त्या जागी जुनेच अक्षर शिरे.

यावर उपाय म्हणजे प्रायमरचा अंश वाचनातून छाटणे, आणि जेथे पुरेसा पुरावा नाही तेथे ‘अज्ञात’ या अर्थी ‘एन’ हे अक्षर लिहिणे. भरलेला पाठ डोळ्यांना सुखावतो, म्हणून हा मोह आवरणे सोपे नसते. ‘आर्टिक’ची चौथी आवृत्ती २०२१ मध्येच निघाली, ओमिक्रॉन येताच तिचेही काही प्रायमर बदलावे लागले.