बाळंतिणीची खोली आणि आरोग्य केंद्र

आरोग्यसेवेचा विचार निघाला की रोग, औषध आणि डॉक्टर एवढ्याच गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. खेडोपाडी काम करणाऱ्यांचा अनुभव यापेक्षा व्यापक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात रुग्ण क्वचितच एकटा येतो. त्याच्यासमवेत घरातील वडीलधारी मंडळी असतात आणि त्यांच्यासमवेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पथ्यापथ्य, देवाला बोललेला नवस, उपासाचे वार, सोयर-सुतकाचे नियम आणि ऐन हंगामात वेळ व पैसा कसा काढावा ही विवंचनाही येते. यांपैकी कशाचीच नोंद केसपेपरवर होत नाही. परंतु सांगितलेला उपचार घेतला जाईल किंवा कसे, हे पुष्कळदा यावरूनच ठरते.

या बाबतीत एक कटू धडा महाराष्ट्राला सव्वाशे वर्षांपूर्वी मिळाला. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. पुढे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. साथ रोखण्यासाठी रोग्यास वेगळे ठेवावे, हा विचार मुळात गैर नव्हता. तो अमलात ज्या रीतीने आला, ती रीत मात्र लोकांना असह्य झाली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत मुंबईत पसरली आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात मार्च १८९७ पासून रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडती सुरू झाली. शिपाई स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. स्त्रियांचीही तपासणी परके पुरुष करीत, अशी तक्रार सर्वत्र होती. लोक रोगी लपवू लागले. जी उपाययोजना रोग शोधण्यासाठी होती, तिच्यामुळेच रोग दडविला जाऊ लागला. २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, हा पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

त्याच काळात निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालये चालविण्याची मुभा मिळू लागली, तेव्हा लोकांचा विरोध काहीसा निवळला. जातवार रुग्णालयांची ती व्यवस्था आज कोणी मान्य करणार नाही व करूही नये. परंतु ओळखीची माणसे, आपल्या घरासारखे अन्न आणि जवळ बसायला आपले कोणीतरी, एवढ्याची हमी मिळताच घाबरलेला माणूस उपचारास राजी होतो, हे त्यातून दिसले. सावित्रीबाई फुले यांनी याच साथीत रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्यातच प्लेगची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. बंदुकीच्या धाकाने होणारी सेवा आणि आपुलकीने केलेली सेवा, अशी दोन्ही उदाहरणे एकाच शहराने एकाच महिन्यात पाहिली.

साथी येतात आणि जातात. घर, रूढी आणि वैद्यक यांची गाठ रोजच्या रोज पडते ती बाळंतिणीच्या खोलीत. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि मुलगी आईकडे जाते. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती मिळते, डिंकाचे व अळिवाचे लाडू मिळतात, तेलपाणी होते, जड कामे सांगितली जात नाहीत. एरवी पहाटेपासून राबणाऱ्या स्त्रीला हक्काची विश्रांती देणारी दुसरी प्रथा आपल्या समाजात शोधून सापडणार नाही. सोयराच्या दहा दिवसांत परक्यांची ये-जा थांबते. त्यामागील कल्पना विटाळाची असली तरी नवजात बालकाचा संसर्गापासून काही अंशी बचाव त्यामुळे होत आला आहे. अशा प्रथांवर सरसकट अंधश्रद्धेचा शिक्का मारणारा कार्यकर्ता घरातील आजीचा विश्वास पहिल्याच दिवशी गमावून बसतो.

याच खोलीत घातक गोष्टीही घडतात. पोटभर खाल्ले तर मूल मोठे होऊन बाई अडेल, या भीतीने अनेक भागांत गर्भवतीचे जेवण कमी केले जाते. मूल जन्मल्यावर वार पडेपर्यंत ते उघडेच राहते आणि गारठते. विटाळ म्हणून बाळंतिणीच्या वाट्याला घरातील सर्वांत कोंदट, अंधारी जागा येते. शेक-धुरीचा धूर इवल्या छातीत जातो. मधाचे बोट चाटविले जाते आणि आईचा चीक पिळून टाकला जातो. ही शेवटची गोष्ट शेतकऱ्याच्या घरात घडावी, याचे विशेष आश्चर्य वाटते. गाय व्याली की वासराच्या पोटात आधी चीक गेला पाहिजे, हे गोठ्यात वावरणाऱ्या लहान मुलासही कळते. गोठ्यातले हे शहाणपण माजघरापर्यंत का पोहोचले नाही, असा प्रश्न एखाद्या शिक्षकाने वर्गात विचारला, तर मुलेच घरी जाऊन तो आजीपुढे मांडतील.

बाळंतपण दवाखान्यात झाले म्हणजे रूढीचा प्रश्न सुटला, असे मात्र समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होतात. परंतु जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतल्या जाणाऱ्या बालकांचे प्रमाण निम्म्याहून थोडेच अधिक आहे. यात काही दोष प्रसूतिगृहातील धावपळीचा आणि काही शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचा आहे, हे खरे. तरीही खाटेपाशी बसलेल्या वडीलधाऱ्या स्त्रीशी प्रसूतीपूर्वी कोणी बोलले होते काय, हा प्रश्न उरतोच. सूचना दिली जाते ती सुनेला. अंमल चालतो सासूचा किंवा आईचा.

या दिशेने झालेले एक मोठे काम गडचिरोली जिल्ह्यातील आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० च्या दशकात तेथे काम सुरू केले. आदिवासी बांधव रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनाच विचारले असता जी उत्तरे आली, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. रुग्णालयातील माणसे पांढरे कपडे घालतात आणि पांढरे वस्त्र तर मृताला गुंडाळतात. रुग्णाजवळ नातेवाइकांना राहू देत नाहीत. इमारत परकी वाटते. त्यावर विचार होऊन शोधग्राममधील दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, नातेवाइकांना रुग्णासोबत राहण्याची सोय झाली आणि दवाखान्याला लोकांच्या श्रद्धेतील माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. औषधे तीच राहिली, शस्त्रक्रियाही शास्त्रानेच होत राहिल्या. लोक मात्र येऊ लागले.

त्याच परिसरात स्त्रियांच्या मुक्या सोसण्याचा जो पुरावा मिळाला, तोही लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या संस्थेच्या अभ्यासात दोन गावांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ असे म्हणून दुखणे अंगावर काढणे, हा येथे संस्कार मानला गेला होता.

पुढे नवजात बालकांच्या काळजीसाठी गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. सोयराच्या दिवसांत बालक घराबाहेर नेण्यास कुटुंब सहसा तयार नसते. मग सेवाच घरात का नेऊ नये, असा साधा विचार यामागे होता. या आरोग्यदूत घरी जाऊन बालकाचे वजन करीत, त्याला ऊबदार ठेवण्यास शिकवीत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखत आणि आईवडिलांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. सुईणीला त्यांनी दूर सारले नाही, तिला बरोबर घेतले. ३९ गावांतील या प्रयोगाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ येथे आहे. रजिस्टर भरण्यापुरत्या त्या भेटी उरल्या, तर त्यांतला प्राणच निघून जाईल.

राज्य शासनाच्या माहेरघर योजनेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. दुर्गम आदिवासी भागातील गर्भवतीने प्रसूतीच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहावे, सोबत घरचे माणूस आणि लहान मूलही असावे, अशी ही व्यवस्था आहे. सरकारी योजनांची नावे बहुधा लक्षात राहत नाहीत. हे नाव मात्र एकदा ऐकले की समजावून सांगावे लागत नाही.

कुटुंबाची साथ अशी मोलाची असली, तरी कुटुंबाची सत्ता हा निराळा विषय आहे. माता-मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस व मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीन प्रकारचे विलंब दाखवून दिले. पहिला, दवाखान्यात जाण्याचा निर्णय घेण्यातील; दुसरा, तेथे पोहोचण्यातील; तिसरा, पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील. रस्ते आणि रुग्णवाहिका यांनी दुसरा विलंब पुष्कळ कमी होतो. पहिला विलंब घरातल्या ओसरीवर होतो. रक्तस्राव सुरू झालेला असतो आणि ‘तिच्या सासरी विचारून घेऊ’ म्हणून माणसे थांबलेली असतात. कायद्याची स्थिती याबाबत स्पष्ट आहे. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या स्त्रीवरील उपचारास तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. शुद्धीवर आल्यावर जिला विचारता आले असते, अशा सज्ञान मुलीच्या वतीने आईने दिलेली संमती ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला आहे. असे असूनही पतीच्या सहीसाठी खोळंबणारी रुग्णालये कमी नाहीत. याचा दोष खेडुतांच्या अज्ञानावर टाकता येणार नाही.

धर्माचरणाच्या बाबतीतही तारतम्य हवे. मधुमेही रुग्णाला एकादशी सोडा किंवा रोजा सोडा असे तोडून सांगितले, तर तो डॉक्टरला सोडतो. आजारी माणसाने रोजे नंतर करावेत, अशी सवलत कुराणातच आहे. आजाऱ्याला व्रतातून मोकळीक देण्याची रीत हिंदू घरांतही जुनीच आहे. ही गोष्ट मौलवींनी वा कीर्तनकारांनी सांगितली तर ती अधिक पोहोचते. मेळघाटात भूमकांना विश्वासात घेऊन त्यांच्यामार्फत रुग्ण आरोग्य केंद्राकडे वळविण्याचे प्रयत्न झाले, ते याच जाणिवेतून.

मात्र जेथे प्राणाशी गाठ आहे, तेथे भीड बाळगून चालणार नाही. तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देणे ही परंपरा म्हणून जपण्याची गोष्ट नव्हे. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णांना देवस्थानात साखळदंडाने बांधून ठेवण्याचा परिणाम तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी देशाने पाहिला. आग लागली तेव्हा बांधलेली माणसे पळू शकली नाहीत आणि २८ जणांचा जीव गेला.

आता गावपातळीवरील एका उणिवेकडे अधिकारी व पंचायत सदस्य या दोघांचेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. गर्भवतीची नोंद सासरच्या गावी होते, तपासण्या तेथे सुरू होतात आणि सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी जाते. सासरची आशा म्हणते ती गेली; माहेरची आशा म्हणते ती आमच्या यादीत नाही. रक्तदाब वाढण्याचा काळ नेमका हाच असतो. समाजाची रीत शासनाला ठाऊक आहे, तर नोंदवहीनेही त्या रीतीमागून चालावयास हवे. गर्भवती गाव सोडून निघाली की त्याच दिवशी दुसऱ्या गावच्या परिचारिकेस कळविणे, तपासणीचे कार्ड तिच्या पिशवीत गेले की नाही हे पाहणे आणि ग्राम आरोग्य समितीच्या मासिक बैठकीत ‘माहेरी आलेल्या’ व ‘माहेरी गेलेल्या’ अशा दोन याद्या वाचणे, याला निराळा निधी लागत नाही.

या कामाला योग्य दिवसही रूढीनेच नेमून ठेवला आहे. डोहाळजेवणाला सासर व माहेर दोन्हीकडची मंडळी एकत्र असतात. त्या दिवशी आशाताईला ओटी भरायला बोलवावे. अडचण आल्यास कोणत्या रुग्णालयात जावयाचे, १०८ ला फोन कोणी करावयाचा, रक्त लागल्यास कोण देणार, आणि रात्री-अपरात्री कोणालाही न विचारता निघण्यास सर्वांची संमती आहे ना, हे तिने दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांसमोर, त्या मुलीला शेजारी बसवून, तिचे म्हणणे आधी ऐकून, तेथल्या तेथे ठरवून घ्यावे.