उसने बळ

अमेरिकेतील रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिक या प्रसिद्ध रुग्णालयात, १९४८ च्या सप्टेंबरमध्ये २९ वर्षांची एक स्त्री संधिवाताने जखडून पडली होती. अंथरुणात कूस बदलणेही तिला कठीण झाले होते. डॉ. फिलिप हेंच यांनी तिला एका नव्या द्रव्याची इंजेक्शने सुरू केली, आणि आठवडा उलटण्यापूर्वी ती बाई आपल्या पायांनी बाजारात खरेदीला गेली! हे द्रव्य म्हणजेच कॉर्टिझोन. हेंच, त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइशस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध थांबविताच दुखणे परत येते, आणि मोठ्या मात्रेने चालू ठेवावे तर चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल होतो व मन थाऱ्यावर राहत नाही, हेही त्या पहिल्या काही रुग्णांतच दिसून आले होते.

श्रोतेहो, प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही सारी याच कुळातली औषधे. पहिलवानकी करणारी मंडळी चोरून घेतात ती स्टिरॉइडे निराळी. त्यांच्याविषयी आज मी बोलणार नाही.

या औषधांचा उपकार मोठा आहे. करोनाच्या साथीत, २०२० साली, कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे ब्रिटनमधील चाचणीत सिद्ध झाले. आणि पुढच्याच वर्षी आपल्या देशात काळ्या बुरशीने कहर केला. तिच्या बळींपैकी पुष्कळांना मधुमेह होता आणि स्टिरॉइडही मिळालेले होते. एकाच औषधाची ही दोन रूपे.

आता देहात काय घडते ते पाहू. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी बसलेली असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीकडून तिला हुकूम येतो आणि त्याबरहुकूम ती कॉर्टिसोल तयार करते. आजारपणात, शस्त्रक्रियेत, संकटात अधिक. बाहेरून गोळी येऊ लागली की हुकूम थांबतो. काही आठवडे असे गेले की ग्रंथी आळसावते, आक्रसते, आणि तिला पुन्हा कामाला लागण्यास कित्येक महिनेही लागतात. अशा वेळी गोळी एकाएकी सोडली तर देहाजवळ ना स्वतःचे बळ उरते, ना उसने. गळाठा येतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी प्राणावर बेतते.

म्हणून दुष्परिणामांच्या गोष्टी ऐकून घाबरून जाणारा रुग्ण मला बेफिकीर रुग्णाइतकाच धोक्यात दिसतो. बेफिकीर मनुष्य जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे गोळ्या आणतो. घाबरलेला मनुष्य त्याच गोळ्या एका रात्रीत फेकून देतो. मात्रा उतरवायची ती पायरीपायरीने, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

दीर्घकाळ घेणाऱ्याने कशाकडे लक्ष द्यावे? हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने होते, आणि पाठीचा मणका न दुखताही दबू शकतो. रोज अडीच मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त घ्यायचे असेल, तर हाडांच्या रक्षणाचा विचार आरंभीच करावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. जांघेत दुखू लागले तर खुब्याची तपासणी करून घ्यावी. मांड्यांचे स्नायू क्षीण होतात. पाटावरून उठताना हात टेकावा लागू लागला, तर तो वयाचा दोष समजून सोडून देऊ नये. डोळ्यांत मोतीबिंदू किंवा काचबिंदू होऊ शकतो. क्षयाचे सुप्त जंतू पुन्हा डोके वर काढू शकतात. साखरेची गंमत अशी की सकाळी गोळी घेणाऱ्याची उपाशीपोटीची साखर ठीक निघते आणि दुपारच्या जेवणानंतरची चढलेली असते. तेव्हा केवळ सकाळच्या तपासणीवर विसंबू नये.

गोरेपणासाठी चेहऱ्यास चोपडल्या जाणाऱ्या मलमांचा मला फार राग येतो. त्यांतल्या कित्येकांत तीव्र स्टिरॉइड असते. त्वचा पातळ होते, लाल होते, केस उगवतात. आणि मलम सोडताच आग होते, म्हणून पुन्हा तेच मलम! २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली, पण विक्री थांबलेली नाही. दमा किंवा सांधेदुखीवर हमखास गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही हेच द्रव्य मिसळलेले सापडले आहे. दोन दिवसांत चमत्कार दिसला, तर शंका घ्यावी.

दम्याच्या पंपाची मात्र उगाच भीती नको. त्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि ती थेट फुप्फुसात जाते. पंप ओढल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही.

ज्यांना ही गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते, त्यांनी औषधाचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहिलेला कागद सदैव खिशात बाळगावा. दात काढावयाचा असो की शस्त्रक्रिया असो, तो कागद आधी दाखवावा. कडक ताप आला तर मात्रा वाढवावी लागते. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे; तेथे तेच औषध इंजेक्शनाने देतात.