आईच्या दुखण्याचा आकडा



दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन मी काशीला गेलो होतो. राजा घाटावर आम्ही उभे होतो. अमृतराव पेशव्यांनी हा घाट दगडात बांधून काढला, म्हणून पूर्वी त्याला अमृतराव घाट म्हणत. आईने खाली उतरणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू जाऊन ये. मी इथूनच गंगेला नमस्कार करते."

आईला अकरा वर्षं आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. पण निघण्याआधीच्या तपासणीत आजार 'आटोक्यात' आहे असं निघालं होतं. मग पायऱ्या का जमेनात?

परतल्यावर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजार किती जोरात आहे हे बघायला 'डीएएस-२८' हे मोजमाप वापरतात. त्यात २८ सांधे तपासतात: खांदे, कोपरं, मनगटं, हाताच्या बोटांचे सांधे, गुडघे. घोटे आणि पावलं त्यात नाहीत. आईचं दुखणं नेमकं तिथेच होतं!

मग त्यांनी एक प्रश्नावली दिली. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉ. जेम्स फ्राइझ यांनी १९८० मध्ये अशी प्रश्नावली मांडली. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी तिची भारतीय आवृत्ती तपासून २००२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात १२ प्रश्न आहेत. स्वतः कपडे घालता येतात का? मांडी घालून बसता येतं का? रिक्षात चढ-उतार जमते का? जिना चढता येतो का? अजिबात त्रास नसेल तर ०, जमतच नसेल तर ३. सगळ्याची सरासरी काढायची.

घाईत तो कागद मीच भरला. आकडा आला ०.५. आई शेजारी बसून वाचत होती. म्हणाली, "अरे, साडी नेसता येते असं लिहिलंस. निऱ्या तुझी बायको घालून देते." मग तिने स्वतः कागद भरला. आकडा आला १.२५. मी लिहिला होता तो तिचा त्रास नव्हता, मला दिसत होता तेवढाच होता.

तो दुसरा कागद बघून डॉक्टरांनी पावलं तपासली, औषध बदललं, चपलेला आधार दिला. सहा महिन्यांनी आकडा १.० झाला. फरक फक्त पावाचा. पण मूळ प्रश्नावलीवरच्या अभ्यासांत साधारण ०.२२ इतका बदलही रुग्णाला स्वतःला जाणवतो असं मानलं जातं. आईला तो जाणवला. ती भाजी आणायला पुन्हा एकटी जाऊ लागली.

या प्रश्नावलीत सगळंच येतं असं नाही. थकवा, परावलंबी होण्याची भीती, लग्नकार्याला जायचं टाळणं, हे तिच्यात मोजलं जात नाही. त्यासाठी 'आरएक्यूओएल' नावाची, हो-नाही उत्तरांची ३० प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर "रिपोर्ट कसे आले?" हे जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा: "कुणाच्या मदतीशिवाय तुला काय काय जमतं?" आणि कागद भरायचा असेल, तर पेन त्यांच्या हातात द्या. बोटं धरत नसतील, तर ते सांगतील तसंच लिहा.

आई पुन्हा काशीला जायचं म्हणतेय. किती पायऱ्या उतरायच्या, ते तीच ठरवेल.