परदेशी प्राणी आणि देशी कायदा

पिंजऱ्यातील राघू हा महाराष्ट्रातील घरांचा जुना सोबती. पेरूची फोड आणि मिरची खाऊन 'विठू विठू' म्हणणारा हा पक्षी ओसरीवर टांगण्यात काही गैर आहे, असे जुन्या पिढीस कधी वाटले नाही. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये या देशी राघूस पिंजऱ्यात ठेवणे हा आज गुन्हा आहे. याउलट ॲमेझॉनच्या अरण्यातील मकॉ किंवा आफ्रिकेतील करडा पोपट घरी बाळगणाऱ्यास त्याच अधिनियमाने दीर्घकाळ काहीही विचारले नाही. कारण उघड आहे. तो अधिनियम भारतीय वनसंपदेच्या रक्षणार्थ झाला होता. परदेशी प्राणी चोरून आणताना सीमेवर सापडला, तर सीमाशुल्क कायदा, 1962 लागू होई. एकदा तो घराच्या उंबरठ्याआत आला, की चौकशी जवळजवळ संपे.

या मोकळिकीची किंमत मुक्या प्राण्यांनी दिली. एप्रिल 2022 मध्ये उत्तर बंगालात, सिलीगुडी-जलपायगुडीच्या परिसरात, चक्क कांगारू भटकताना आढळले. कोठे ऑस्ट्रेलियातील गवताळ माळ आणि कोठे हिमालयाच्या पायथ्याचे हे दमट प्रदेश! वनखात्याने तीन कांगारू सोडवून आणले. त्यांच्या अंगावर जखमा होत्या. तस्करांनी पकडले जाण्याच्या भयाने त्यांना वाटेत सोडले असावे, असा तर्क त्या वेळी करण्यात आला.

कायद्यातील उणीव शासनाच्याही ध्यानी आली होती. जून 2020 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सहा महिन्यांची सवलत देऊन परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांस स्वेच्छेने माहिती देण्यास सांगितले. पुढे 2022 साली अधिनियमात दुरुस्ती झाली व ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या 'साइटीस' करारातील प्राण्यांस तीमुळे चौथ्या अनुसूचीत स्थान मिळाले. 2024 च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी केली पाहिजे. त्याचा जन्म, मृत्यू वा हस्तांतर हेही कळविले पाहिजे.

तथापि येथे एक मोठी फट राहिली आहे. वृक्षवासी कांगारूंच्या काही जाती साइटीसच्या सूचीत आहेत; पण तांबडा कांगारू व लाल मानेचा वॉलबी त्यांत नाहीत, कारण त्यांच्या मायदेशी त्यांची संख्या विपुल आहे. म्हणजे नोंदणीचे बंधन प्राणी जगात किती दुर्मिळ आहे, यावरून ठरते. घरात त्याचे काय हाल होतील, यावरून नव्हे. क्रूरतेस प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा सर्वच प्राण्यांस लागू आहे खरा. पण ज्याची नोंदच नाही, त्याची हाक ऐकणार कोण?

हे हालही थोडे नसतात. कांगारू कळपात राहणारा, सांजसकाळी चरणारा प्राणी होय. गाईचे दूध त्याच्या पिलास मानवत नाही. चुकीच्या आहाराने व अस्वच्छ जागेने जबड्याचा गंभीर रोग जडू शकतो. आणि मालकास कंटाळा आला, तरी त्यास परत धाडण्यासाठी अरण्य उरलेले नसते.

म्हणून कायद्याने नोंदवहीचे रकाने वाढवावेतच. परंतु तस्कराचा व्यापार चालतो तो गिऱ्हाइकाच्या हौसेवर. ती हौस दिवाणखान्यातच आवरली, तर सिलीगुडीच्या रस्त्यावर रक्तबंबाळ प्राणी शोधण्याची वेळ वनरक्षकांवर येणार नाही.