पाणी नेमकं कोणाचं?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांत सोसायटीनं वर काय काय उभं केलं, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी जमिनीखालचं बोलतो.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा हा आपला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. बऱ्याच जागी गोड्या पाण्याचा थर पातळ आणि त्याखाली खारं पाणी. वरून बेसुमार उपसा झाला, की खालचं खारं पाणी वर चढतं. म्हणजे इथं बोअर आटायच्या आधी बिघडते.

‘प्लॉट माझा, पाणी माझं’ असं आपण म्हणतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून ही समजूत आली. पुढे कायदा बदलत गेला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये आदेश दिला आणि १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झालं. महाराष्ट्रानं तर पिण्याच्या पाण्यासाठी १९९३ मध्येच कायदा केला होता. त्याच्या जागी आलेला २००९ चा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून लागू आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही. शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल जाण्यावरही बंधन आहे.

पण कायदा आपणहून दारात येत नाही. तहसीलला जा, नाहीतर नागपूर खंडपीठात. पहिला प्रश्न एकच, पुरावा काय? पाणी पूर्वी किती फुटांवर होतं? क्षार किती होते? तोंडी सांगून भागत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत तिसऱ्या बोअरचा विषय आहे. माझी विनंती, तो वर्षभर थांबवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये विहिरींची पातळी मोजते. त्याच महिन्यांत आपणही मोजू, मे आणि ऑक्टोबरला पाणी तपासून घेऊ. पिण्यासाठी विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले. दुसरा स्रोत नसेल तर २००० ही शेवटची मर्यादा. गच्चीवरचं पाणी गाळून जुन्या बोअरजवळ मुरवू.

उद्या शेजारच्या उपशाविरुद्ध तक्रार करायची वेळ आली, तर आधी आपलीच वही उघडली जाईल. ती कोरी नसावी, आणि तीत आपलाच उपसा सर्वात जास्त निघू नये, एवढंच सांगतो.