फ्रिजवरचं वेळापत्रक

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी भाषणाचं सांगितलं तेव्हा मी विचारलं, "कशावर बोलू?" ते म्हणाले, "तुम्ही घरी असता ना, त्यावरच बोला." आता आली का पंचाईत!

तुमच्यासारखाच मीही नोकरीसाठी बेंगळुरूला आलो. मुलगी सहा महिन्यांची झाली, पत्नीची रजा संपली, आणि मग मी घरी राहिलो. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी आईला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी तसा कायदा नाही. म्हणून मी सरळ राजीनामा दिला. मिरजेहून वडील दर रविवारी फोनवर विचारायचे, "रजा अजून किती शिल्लक आहे?" वर्षभर हाच प्रश्न.

पहिल्याच सोमवारी मी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. ऑफिसातली खोड, दुसरं काय. साडेनऊला आंघोळ, दहा ते साडेदहा चित्रांचं पुस्तक. दहा वाजून पाच मिनिटांनी पुस्तकाचं पान तिच्या तोंडात! असे कितीतरी महिने काढले. एकदा ती खिडकीतून खारीकडे बघत होती आणि मी "चल, आंघोळीची वेळ झाली" म्हणून तिला ओढून नेलं. ती इतकी रडली, की त्या दिवशी मी तो कागद फाडला.

मग गेलो दुसऱ्या टोकाला. ती चालायला लागली होती. मनात आलं की निघायचं. इंदिरानगर स्टेशनवर मेट्रोत बसून बैयप्पनहळ्ळीपर्यंत जायचं आणि परत यायचं. भर दुपारी हलसूरच्या तळ्यावर. खालच्या मजल्यावरच्या अज्जी विचारायच्या, "आफीस इल्लवा?" मी मुलीकडे बोट दाखवून म्हणायचो, "इदे आफीस." अज्जी खूष, मुलगी खूष, मी तर फारच खूष.

पण दुपारची झोप बुडाली, की ती संध्याकाळी सहालाच रिक्षात झोपायची. पत्नी साडेसातला यायची. असं सलग चार दिवस झालं. चौथ्या दिवशी ती खांद्यावरची पर्सही न काढता पलंगाजवळ बसली. मी उत्साहानं सांगत होतो, आज तिनं अमुक केलं, तमुक केलं. ती हळूच म्हणाली, "तू मला रोज सांगतोस. मला ते बघायचंय रे."

मंडळी, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मोकळा दिवस आम्हा दोघांचा झाला होता आणि त्याची किंमत तिसरंच माणूस मोजत होतं.

त्याच सुमारास वडील राहायला आले. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. मी सगळं सांगितलं तर म्हणाले, "अरे, गाडी सुटायची वेळ आपल्या हातात. वाटेत म्हैस आडवी आली तर थांबायचंच की." मग आम्ही तीनच गोष्टी ठरवल्या. बाराला जेवण, एकला झोप, आणि साडेसातला आई येईल तेव्हा पोरगी जागी. मधल्या वेळात म्हशी कितीही येऊ देत. वळवाचा पाऊस आला की आम्ही अंगणात. मात्र बाराच्या ठोक्याला घरात. रोज जमायचं नाही. दुखणं, दात, पाहुणे, काहीतरी निघायचंच.

ताराबाई मोडकांबद्दल नंतर वाचलं. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिकवणं सोडलं नाही, वेळ आणि जागा मात्र मुलांकडे बघून ठरवली. मी खारीच्या वेळी नेमकं उलट केलं होतं.

एक आकडा सांगतो. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी होती 299 मिनिटं, आणि पुरुषांची 97. ती सुद्धा जे काही करतात अशा पुरुषांची. असे चारांत जेमतेम एक. 97 मिनिटांत काय होतं हो? माझी तर नुसती खिचडी आणि तिनं सांडलेली खिचडी पुसणं होतं.

सगळं गोड होतं असं नाही. दुपारी ती झोपली की जुन्या सहकाऱ्यांच्या बढत्या आठवायच्या. पगार एकच, घरभाडं इंदिरानगरचं. गेल्या वर्षापासून ती शाळेत जाते आणि मी अर्धवेळ काम घेतलंय. त्यातही दुपारी तीननंतरची मीटिंग घेत नाही.

वडील आता रविवारी रजेचं विचारत नाहीत. "झोप झाली का दुपारची?" म्हणतात. कुणाची ते सांगत नाहीत.

कार्यवाह घड्याळ दाखवताहेत, आणि मागच्या रांगेत आमची कन्या आईच्या मांडीवर पेंगायला लागली आहे. साडेआठ वाजले. तिला उचलून न्यायचंय, तेव्हा मला उतरू द्या.